जातिभेदाची तक्रार आणि लवादाचे कुलूप

सिस्को कंपनीविरुद्धचा जातिभेदाचा खटला आंबेडकरी तरुणांना माहीत आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क पाहणाऱ्या विभागाने 2020 मध्ये तो दाखल केला. एका दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. या खटल्याची एक बाजू मात्र आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही. या कर्मचाऱ्याने लवादाच्या करारावर सही केली आहे, म्हणून प्रकरण कोर्टातून काढून लवादाकडे पाठवा, अशी मागणी कंपनीने केली होती. ऑगस्ट 2022 मध्ये अपील कोर्टाने ती फेटाळली. कारण साधे होते: सही कर्मचाऱ्याची होती, सरकारी विभागाची नव्हती.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या अभियंत्याने स्वतः खटला भरला असता, तर त्याच सहीने बहुधा त्याची वाट अडवली असती.

यालाच सक्तीचा लवाद म्हणतात. नोकरीच्या कागदपत्रांत एक कलम असते: पुढे वाद झाला तर कोर्टात जाणार नाही. सही नाही तर नोकरी नाही. लवादाची सुनावणी बंद दाराआड होते, निकाल सहसा लोकांसमोर येत नाही आणि अपिलाला फार कमी वाव असतो. एकाच कंपनीतल्या दहा जणांवर सारखा अन्याय झाला, तरी त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेत याचा आधार 1925 चा लवाद कायदा आहे. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एपिक सिस्टिम्स’ प्रकरणात, कामगारांनी एकत्र दावा करू नये ही अटही वैध ठरवली. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार 6 कोटींहून अधिक कामगार अशा करारांनी बांधलेले आहेत. महिलांच्या लढ्यामुळे 2022 मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींना यातून सूट मिळाली. जातिभेदाच्या तक्रारींना तशी सूट नाही. सिएटल शहराने 2023 मध्ये कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला, हा मोठा विजय आहे. पण ज्याने लवादाच्या करारावर सही केली आहे, त्याला या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात उभे राहणे अवघडच आहे.

‘सही तर स्वखुशीने केली’ या युक्तिवादाला बाबासाहेबांनी फार पूर्वी उत्तर दिले आहे. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते विचारतात की बेकार माणसासमोर नोकरी आणि हक्क यांपैकी एकच ठेवले, तर तो काय निवडेल? पोटासाठी तो हक्क सोडेल. अशा निवडीला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

भारतात चित्र थोडे बरे आहे. कामगार न्यायालयाच्या कक्षेतले वाद खासगी लवादाकडे नेता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात सांगितले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हाही कोणत्याही कराराने लवादाकडे जात नाही. पण कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत न बसणारे, म्हणजे व्यवस्थापक आणि वरच्या पदांवरचे कर्मचारी, यांना हे संरक्षण नाही. शिकून पुढे गेलेली आपली मुले नेमकी याच पदांवर पोहोचत आहेत.

म्हणून आमचे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी वादाविषयीचे कलम शोधा, वाचा आणि जाणकार वकिलाला दाखवा. अमेरिकेत काही करारांतून ठरावीक मुदतीत बाहेर पडता येते, ती मुदत चुकवू नका. आणि परदेशातल्या आपल्या संघटनांनी ‘कायद्यात जात आणा’ या मागणीला ‘जातिभेदाच्या तक्रारी सक्तीच्या लवादातून वगळा’ ही मागणी जोडावी. कायद्यात हक्क लिहिला, पण तो मागायला कोर्टात जाता येत नसेल, तर तो कागदावरच राहील.