इंजिन टकटक का करते?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची खोकी खाली येतात आणि एखाद्या खोक्यातून काकांनी परदेशाहून आणलेली विजेची आगगाडी निघते. मुले टाळ्या पिटतात, रूळ मांडले जातात, कळ फिरते, आणि इंजिन घुरघुरत जागेवरच उभे! मग कोणीतरी शहाणा म्हणतो, "याचे भाग आता मिळत नाहीत, टाकून द्या." वाचकहो, एवढ्यात टाकू नका.

आधी रोग ओळखा. मोटार घुमते पण चाके ढिम्म, तर आसावरचा गिअर सुटला असण्याचा संभव अधिक. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा टक्‌ करून उडी बसते, तर गिअर बहुधा चिरला आहे. मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असलेला वर्म असतो. तो खालच्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते ढकलतो. हा गिअर धातूच्या आसावर घट्ट दाबून बसवलेला. वर्षानुवर्षे ताण सोसून तो चिरतो, चिरेपाशी दोन दात्यांतली फट रुंदावते आणि तिथे वर्म अडखळतो. गोंदाचा उपयोग नाही. नायलॉनसारखे हे गुळगुळीत प्लॅस्टिक गोंद धरत नाही आणि आसाचा ताण चीर पुन्हा उघडतो.

अंबरनाथला आमच्या शेजारच्या तात्यांचे इंजिन असेच लंगडत होते. ते त्यांनी मुलाकरिता घेतलेले. मुलगा आता दूरदेशी आणि नातू आठ दिवसांकरिता येणार! "अहो, एक फेरी मारली तरी पुरे," तात्या म्हणाले.

इंजिन उघडले. गिअर चिरलेला होताच, शिवाय दाते मधोमध झिजलेले. दाते मोजले, २० भरले. वर्म दात्याचा मधला भाग खातो, कडा शाबूत राहतात. म्हणून व्यास कडेवर मोजावा. तो ११ मिलिमीटर. आता हिशेब सोपा : दात्यांत २ मिळवा आणि त्या बेरजेने व्यासाला भागा. ११ भागिले २२, म्हणजे अर्धा. कारागीर याला मोड्यूल म्हणतात. मोड्यूल, दाते, भोक आणि जाडी हे चार आकडे चिठ्ठीवर असले की कंपनीचे नाव लागत नाही. दाते तिरपे असतील तर हिशेब अंदाजाचा ठरतो; नमुना सोबत न्यावाच.

मी आधी उल्हासनगर गाठले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी जुन्या लष्करी छावणीत वसवलेल्या या गावाला १९४९ साली हे नाव मिळाले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद कोणाला ठाऊक नाही! तिथल्या एका दुकानदाराने बदलापूरच्या लेथवाल्याचा पत्ता दिला. मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, गिअर भिंगाखाली धरला आणि विचारले, "साहेब, करून देतो. पण हा झिजला कशाने?"

खरा प्रश्न तोच! त्याचे उत्तर बदलापूरच्या पुढे नेरळला सापडते. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीपुढे २० फुटांना १ फूट असा चढ आणि वळणांमागून वळणे होती. ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने तिला जी वाफेची इंजिने दिली, त्यांची पुढची-मागची चाके वळणावर थोडी बाजूला सरकू शकत. ती ताठ जखडलेली असती तर चाके आणि रूळ एकमेकांना खात बसले असते.

तात्यांच्या इंजिनात हेच घडले होते. जुने ग्रीस दगडासारखे वाळून आस जखडला होता. मोटारीचा सारा जोर दात्यांवर येत होता. रॉकेलने ग्रीस काढून चाके कोरडी केली. आस बोटाने सहज फिरू लागला, बाजूला केसभर हलू लागला, तेव्हाच मिस्त्रींनी घडवलेला पितळेचा गिअर हलक्या दाबाने बसवला. हातोडी मुळीच नको. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, ते थंडीत थिजते.

नातवाने पहिल्याच संध्याकाळी चाळीस फेऱ्या मोजल्या. तुमच्याकडेही असे लंगडे इंजिन असेल तर नवा गिअर बसवण्यापूर्वी आस बोटाने फिरवून पाहा. तो अडत असेल, तर नवा गिअरही जुन्याच्या वाटेने जाईल.