रिकाम्या जाळ्याची किंमत

अमेरिकेतील मध्यमवर्गाला सध्या एक सल्ला मोठ्या उदारपणे दिला जातो. मनाच्या आजारावर उपचार करणारा तज्ज्ञ विमा कंपनीच्या यादीत नसेल, तर घाबरू नये. त्याची फी रोख भरावी, त्याच्याकडून ‘सुपरबिल’ नावाची तपशीलवार पावती घ्यावी, ती कंपनीकडे धाडावी आणि परताव्याची वाट पाहावी. सल्ला खोटा नाही. ज्याच्या पॉलिसीत यादीबाहेरच्या उपचाराची तरतूद आहे त्याने तो जरूर पाळावा. कंपनीच्या तिजोरीतून सुटणारा प्रत्येक डॉलर मुळात हप्ते भरणाऱ्यांचाच असतो. परंतु आजारी माणसाला हिशेबनिसाची कला शिकवल्याशिवाय जी चालत नाही, ती व्यवस्था विमा या नावाला पात्र राहते काय? आपल्याकडेही हीच वाट प्रगतीची म्हणून दाखवली जाऊ लागल्यामुळे तिची झडती घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तज्ज्ञाची एका भेटीची फी २०० डॉलर. कंपनी म्हणते, आमच्या मते ‘वाजवी’ फी १२० डॉलर. वरचे ८० तुमचे तुम्ही पाहा. त्यातही पहिले २,००० डॉलर रुग्णाने स्वतः सोसायचे आणि ते मोजताना भेटीमागे २०० नव्हे, १२०च धरायचे. म्हणजे सोळा भेटींत ३,२०० डॉलर खर्चूनही हाती काही नाही. सतराव्या भेटीत ती मर्यादा ओलांडली जाते आणि पुढे कंपनी १२०चे ६० टक्के, म्हणजे ७२ डॉलर देते. रुग्णाच्या खिशातून दर भेटीला १२८ जातच राहतात. पॉलिसीचे नवे वर्ष लागले की मोजणी पुन्हा शून्यापासून. मासिक हप्ता या सर्वाखेरीज. शिवाय पावतीवर निदानाचा सांकेतिक क्रमांक हवा. आजाराचे नाव लागल्याशिवाय दुःखाला परतावा नाही. मग वैवाहिक कलहाने खचलेल्या माणसालाही रोगाची चिठ्ठी डकवून घेण्याचा मोह होतो.

‘वाजवी’ ठरवतो कोण, हा प्रश्न अनेक वर्षे कोणी विचारला नव्हता. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केली तेव्हा उघड झाले की, देशभरातील कंपन्या ज्या माहितीकोशावरून हा दर काढीत तो ‘इन्जेनिक्स’ या संस्थेचा होता आणि इन्जेनिक्स ही युनायटेडहेल्थ या बलाढ्य विमा कंपनीचीच उपकंपनी होती. तराजू दुकानदाराचा आणि वजनेही त्याचीच! २००९ मध्ये कंपनीने स्वतंत्र माहितीकोशासाठी ५ कोटी डॉलर आणि डॉक्टर व रुग्णांच्या दाव्यांपोटी ३५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दंड भरून धंदा पूर्ववत चालू राहिला, हे वेगळे सांगायला नको.

यादीबाहेर जाण्याची पाळी येते ती यादी रिकामी असते म्हणून. कंपन्या मानसोपचाराला देऊ करतात तो दर इतका तोकडा आणि त्यासाठीची कागदपत्रे इतकी जाचक, की ज्या तज्ज्ञाचे रोख फीवर भागते तो यादीत नाव घालतच नाही. मग यादी फुगवण्यासाठी बंद पडलेले दूरध्वनी आणि नवे रुग्ण न घेणारी नावे तशीच ठेवली जातात. २०२३ मध्ये सिनेटच्या अर्थसमितीच्या कर्मचाऱ्यांनी सहा राज्यांतील बारा योजनांच्या यादीतली १२० नावे फिरवून पाहिली. भेटीची वेळ मिळाली ती १८ टक्के वेळा. तेथे या प्रकाराला ‘भुताटकीचे जाळे’ असे सार्थ नाव पडले आहे.

कायदा नाही असेही नाही. शारीरिक व मानसिक आजारांना समान वागणूक देण्याचा कायदा १९९६ मध्ये अर्धामुर्धा आणि २००८ मध्ये बराचसा पुरा झाला. यादी पुरेशी आहे काय हे आकड्यांनी तपासण्याचे नियम २०२४ मध्ये आले आणि २०२५च्या मे महिन्यात नव्या सरकारने ते अमलात आणणार नसल्याचे जाहीर केले. कागदावरची समता एका पत्रकाने स्थगित होते.

पण याहून गंभीर बाब वर्गाची आहे. कारखान्यातील सामुदायिक विम्याचा निधी मजूर आणि व्यवस्थापक दोघांच्या श्रमातून भरतो. यादीबाहेरचा परतावा मात्र त्यालाच मिळतो, जो आधी काही हजार डॉलर रोख मोजू शकतो. ज्याला दर आठवड्याला २०० डॉलर काढता येत नाहीत तो दावाच करीत नाही. गरिबांच्या मेडिकेड योजनेत तर अशी परतफेड जवळपास नाहीच. मालकाने भरलेल्या विम्यावर १९५४ पासून जी करमाफी आहे तिचाही लाभ ज्याचा कर जास्त त्याला जास्त. थोडक्यात, मजुराच्या हप्त्यातून व्यवस्थापकाच्या उपचाराला अनुदान मिळते आणि या उलट्या वाटपाला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ म्हणतात. वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. ते वाचायला विमा कंपन्यांना सवड झालेली दिसत नाही.

दुसरा मार्ग अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या आग्रहातून २००८ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने हजारो उपचारक प्रशिक्षित केले. रुग्ण स्वतः नाव नोंदवतो, पावती नाही, परतावा नाही. प्रतीक्षा करावी लागते ही तक्रार खरी आहे. पण तेथे रांगेत गरीब आणि श्रीमंत एकाच बाजूला उभे असतात.

भारतात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१(४) ने विमा कंपन्यांवर समान वागणुकीचे बंधन घातले. ते स्वागतार्ह होते. परंतु आपला विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा आहे आणि मनाचा उपचार बहुतांशी बाह्यरुग्ण म्हणून, महिनोन्‌महिने बसून होतो. ही फट बुजवण्यासाठी आता जादा हप्त्याची बाह्यरुग्ण-पुरवणी विकली जाते आणि काही पुरोगामी मित्र तीच मागणी वेतनकरारात घालू पाहतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले होते. जेथे तज्ज्ञच नाही तेथे पुरवणी घेऊन रुग्णाने जावे कोठे? सरकारने पदे भरायची नाहीत आणि कंपनीने रिकाम्या यादीवर हप्ता घ्यायचा, हा सौदा कामगाराच्या माथी का मारावा?

त्यापेक्षा १९४८च्या कायद्याने मिळालेली कामगार राज्य विमा योजना हाताशी आहे. तिच्यात कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतात. वर्गणी मिळकतीप्रमाणे आणि उपचार गरजेप्रमाणे, हे तत्त्व तेथे मुळातच आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीतील राज्य विमा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाचे पद मंजूर आहे काय, भरलेले आहे काय आणि तो आठवड्यातून किती दिवस बसतो, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात लेखी विचारावेत आणि उत्तरे वेतनकराराच्या बैठकीत मांडावीत.