कुलूपवाला निघून गेल्यावर

टीव्हीमागे दिवे मिचकावत पडलेल्या राउटरकडे आपण सहसा पाहत नाही. घरातले सारे फोन आणि संगणक या एकाच दारातून इंटरनेटवर जातात, आणि बाहेरून आत शिरू पाहणारेही तिथेच थाप मारतात.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले, की चीन सरकारचे पाठबळ असलेल्या 'व्होल्ट टायफून' या हॅकरांनी तेथील शेकडो छोटे राउटर बळकावले होते. वीज-पाण्याच्या यंत्रणांत शिरताना माग लपवायला. बहुतेक राउटर इतके जुने होते की कंपन्यांनी त्यांना दुरुस्त्या पुरवणे थांबवले होते. कुलूप दारावर, कुलूपवाला पसार!

ते वाचून मी माळ्यावरचा जुना संगणक उतरवला, दुसरे नेटवर्क कार्ड बसवले आणि त्यावर ओपनबीएसडी चढवली. युनिक्सच्या कुळातली ही फुकट प्रणाली थिओ द राट यांनी १९९५ मध्ये कॅनडात सुरू केली. तिचा 'पीएफ' हा पहारेकरी २००१ मधला. त्याला आधी सांगायचे, सगळ्यांना अडव. मग हवे तेवढेच सोड. आतून कोणी काही मागितले तर त्याचे उत्तर आत येते, बिनबोलावलेला पाहुणा बाहेरच राहतो.

गंमत अशी, की लागू पडणाऱ्या नियमांपैकी शेवटचा नियम तो पाळतो. 'सगळ्यांना अडव' हे मी नेमके शेवटी लिहिले! मुलीचा परीक्षेचा अर्ज अर्ध्यावर लटकला. "बाबा, याला सुरक्षा म्हणतात?" ओळ वर नेली, अर्ज गेला. जुन्या राउटरकडे आता फक्त घरातले वायफाय.

पण घरोघरी हा उद्योग कोण करणार? शेजाऱ्यांना मी तो सुचवत नाही. राउटरखालचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनी त्याला अजून दुरुस्त्या देते का, एवढे तपासा म्हणतो. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, मग राउटर विकताना ती का सांगू नये? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ते कायद्याने बंधनकारक आहे.

फुकटच्या पहारेकऱ्यालाही पोसावे लागतेच. २०१४ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांना वीस हजार डॉलरच्या वीजखर्चासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला होता. दर सहा महिन्यांनी ते नवी आवृत्ती काढतात, आणि दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात मी गॅसच्या नोंदीशेजारी तेही लिहून ठेवले आहे.