जुन्या घराची किल्ली

रोह्याला खेटून असलेल्या वरशात कुणी घर बदललं, तर पोस्टमन चार जणांना विचारून नवा दरवाजा शोधतो. ईमेलला मात्र ही शेजारधर्माची सोय नाही. म्हणून इथल्या एखाद्या शाळेने ‘डॉट कॉम’ सोडून ‘डॉट एज्यु डॉट इन’वर जायचं ठरवलं, तर हौसेआधी क्रम ठरवावा. हे नाव शिक्षणसंस्थांनाच, अर्नेट इंडियाकडून, कागदपत्रं दाखवून मिळतं. फीचा निरोप शाळेचाच आहे, हा पालकांचा भरवसा त्याने वाढतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं, तेही फसवणुकीला आळा बसावा म्हणूनच. वेबसाइट हलवणं त्यातल्या त्यात सोपं: जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचं रीडायरेक्ट लावायचं. खरी मेख ईमेलमध्ये. बँकेत, सरकारी पोर्टलवर, माजी विद्यार्थ्यांच्या वहीत जुनाच पत्ता. ओटीपीही तिकडेच जाणार. तेव्हा आधी सगळीकडची नोंद बदला, जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्याकडे वळवा, आणि जुनं नाव काही वर्षं तरी पैसे भरून राखा. ते सोडलंत, की दुसरा कुणीही विकत घेईल आणि तुमची पत्रं त्याच्या पडवीत पडतील. आपल्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ साली झाला, ‘जि. कुलाबा’ लिहिलेले आजोबांचे दाखले आपण अजून जपतोच ना? नव्या घरात जरूर जावं, पण जुनी किल्ली कनवटीला असू द्यावी.