साखळी सोडा, मग काठ्या रोवा

कुत्र्याने बारा काठ्यांमधून नागमोडी पळत जावे म्हणून माणसाने महिनोन्महिने खपावे, ही कल्पनाच आपल्याकडे प्रथम हसू आणते. शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांवर कुत्र्याचे काम ठरलेले आहे. रात्री भुंकायचे, दिवसा साखळीला पडून राहायचे आणि उरलीसुरली भाकरी खायची. कुत्रा लहानखुरा असला तर राखणदारीचा मानही त्याला मिळत नाही. तो पोरांचे खेळणे होतो. अशा कुत्र्याला काही ‘शिकवायचे’ म्हटले की घरातली वडीलधारी माणसे “आधी तू शीक” म्हणून मोकळी होतात. तरीही ही काठ्यांची विद्या आपल्या भागात यावी, आणि ती शहरातल्या जातिवंत कुत्र्यांच्या आधी वस्तीवरच्या लहान कुत्र्याला मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळ मुळात विलायती, हे कबूल. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून ही कल्पना काढली आणि पीटर मीनवेल या प्रशिक्षकाच्या मदतीने अडथळे रचले. दोन वर्षांनी तिथल्या केनेल क्लबने खेळाला मान्यता दिली आणि १९९६ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरू लागल्या. त्याला अ‍ॅजिलिटी म्हणतात. आपण चपळाईची शर्यत म्हणू. उड्या असतात, कापडी बोगदा असतो, सी-सॉची फळी असते. पण भल्याभल्या कुत्र्यांची दमछाक होते ती काठ्यांपाशी. उडी मारणे, बिळात शिरणे हे कुत्र्याच्या रक्तात आहे. समोर मोकळी वाट असताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे वळत जाणे कोणत्याच कुत्र्याच्या रक्तात नाही. ते शिकावेच लागते.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे काठ्या १२, दोन काठ्यांमधले अंतर ६० सेंटिमीटर, उंची एक ते सव्वा मीटरच्या आत. सगळी ओळ भरते ६.६० मीटर. कुत्र्याने पहिल्या दोन काठ्यांमधून शिरताना पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याशी असली पाहिजे आणि पुढे एकही फट चुकता कामा नये. गळ्यात दोरी नाही. पळवणाऱ्या माणसाने कुत्र्याला किंवा काठीला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम वाचला तेव्हाच मला या खेळात गोडी वाटू लागली. जनावराला वळण लावण्याची आपली तीन जुनी साधने आहेत : दोरी, काठी आणि बखोट. इथे तिन्ही बाद. काठ्या आहेत, पण त्या जमिनीत रोवलेल्या!

मग शिकवायचे कसे? पद्धती अनेक आहेत. कोणी काठ्यांच्या दोन रांगा करून मधे बोळ ठेवतात आणि दिवसागणिक तो बोळ अरुंद करत नेतात. कोणी काठ्या बाहेरच्या बाजूला तिरक्या रोवून हळूहळू सरळ करतात. मला पटते ती कॅनडाच्या सुझन गॅरेट यांनी प्रसिद्ध केलेली दोन-दोन काठ्यांची पद्धत. पहिले काही दिवस फक्त दोन काठ्या. कुत्रा मोकळा. तो हुंगेल, काठीवर तंगडी वर करील, तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. बघू द्यावे. हिंडता हिंडता तो एकदाचा त्या फटीतून पलीकडे गेला की त्याच क्षणी शाबासकीचा एक ठरलेला शब्द, आणि खाऊ. हा खाऊ हातातून भरवायचा नाही. काठ्यांच्या पुढे, ओळीच्या दिशेने जमिनीवर टाकायचा. हातातून दिला तर कुत्रा हाताकडे बघायला शिकतो, पुढे टाकला तर वाटेकडे. खाऊही रोजचा नको. रोज भाकरी खाणारा कुत्रा भाकरीसाठी डोके चालवत नाही. उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो.

दोन काठ्यांची गोष्ट कुत्र्याला उमगली की तुम्ही जागा बदलायची. आज डावीकडे उभे, उद्या उजवीकडे, परवा मागे. कुत्रा कुठल्याही कोनातून आला तरी त्याने ती फट स्वतः हुडकून काढली पाहिजे. मग थोडे अंतर सोडून आणखी दोन काठ्या. मग चाराच्या सहा, सहाच्या बारा. यात सर्वांत कठीण काम माणसाचे असते : चूक झाली की गप्प राहणे. ओरडायचे नाही, चुचकारायचे नाही, बोट दाखवायचे नाही. खाऊ मिळाला नाही, एवढीच कुत्र्याला पुरेशी बातमी आहे. आमच्याकडे गप्प राहून शिकवणारे फार थोडे, हे मी कोणाकडे बोट न दाखवता नोंदवून ठेवतो.

लहान कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. साठ सेंटिमीटरची फट सर्वांना सारखीच. मोठ्या कुत्र्याला तीत अंग पिळावे लागते. लहान्याला ती दिंडीदरवाजाएवढी मोकळी असते. तेव्हा त्याची अडचण अंगाची नसून माणसाच्या उंचीची असते. गुडघ्याएवढ्या जीवाला शेजारून पळणारा माणूस म्हणजे चालता माळवदाचा खांब. त्यातून माणसाची खोड अशी की लहान कुत्रा दिसला की त्याच्यावर वाकायचे. माणूस वाकला की कुत्रा मान वर करतो आणि मान वर केली की फट गेली. आमच्या वस्तीवरचा पिंट्या अर्धा पॉम, अर्धा गावठी. कोणी त्याच्यावर वाकले की तो हटकून तिसऱ्या काठीपाशी बाहेर पडे. माणूस ताठ उभा राहून चार पावले मागे सरला की सहाही काठ्या निमूट करी. लहान कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक मोह असतो. तो हलका, म्हणून पट्टा धरून त्याला फटीफटीतून ओढून नेणे सोपे. पाहणाऱ्याला वाटते, कुत्रा शिकला. कुत्रा शिकलेला असतो तो पट्टा. पट्टा काढा, तो सरळ ओळीच्या कडेने तुमच्यापुढे येऊन उभा राहील.

मानसशास्त्र घेतलेल्या मित्रांना इथे पाव्हलॉव्ह आठवेल. परीक्षेत कुत्रा म्हटला की पाव्हलॉव्ह, लाळ आणि घंटा हे समीकरण आपल्या पेनातून आपोआप उतरते. पण पाव्हलॉव्हचा कुत्रा पट्ट्यांनी जखडून उभा होता. त्याला काही करायचे नव्हते, फक्त त्याला काही व्हायचे होते. काठ्यांचा कुत्रा एडवर्ड थॉर्नडाइकच्या १८९८ सालच्या प्रयोगांना अधिक जवळचा आहे. त्या पेटाऱ्यांतल्या मांजरांनी (काही कुत्रेही होते) खटपट करून खटका स्वतः शोधला आणि ज्या कृतीने सुटका झाली ती पुढे लवकर लवकर केली. परिणामाचा नियम आपण पाठ करतो तो हाच. तो पाठ करून विसरण्यापेक्षा दोन काठ्या रोवून एका संध्याकाळी डोळ्यांनी बघावा, असे मी आमच्या प्राध्यापकांना विनयाने सुचवतो.

आता मूळ मुद्दा. ही विद्या साखळी सोडल्याशिवाय शिकवताच येत नाही, आणि नेमकी त्यासाठीच ती मला आपल्याकडे हवी आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा अपराध आहेच. शिवाय सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने पुरेसे हिंडूफिरू न देणे हाही स्वतंत्र अपराध आहे. पहिल्या अपराधाला त्यात दंड सांगितला तो दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या भीतीने कोणी साखळी सोडत नाही, हे कोणत्याही रस्त्याने चार वस्त्या चालून गेलात तर दिसेल. कायद्याने जे झाले नाही ते कदाचित गंमतीने होईल. काठ्या करणारा कुत्रा घरात असला की पोर शाळेतून आल्याबरोबर साखळी सोडते. त्याला कलम ठाऊक असण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, मोकळे कुत्रे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात हा प्रश्न थट्टेचा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले गेली. पण साखळीने कुत्रा वाचतो हे मला मान्य नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला : ३९ टक्के. अंगणात खुंटीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, लपू शकत नाही. रात्री कुत्रा बंद जागेत असावा, साखळीला नव्हे. आणि दिवेलागणीला एका हाकेत मोकळ्या रानातून घरात येणारा कुत्रा हवा असेल, तर आपल्या माणसाचे ऐकण्यात फायदा आहे हे त्याला आधी कुठेतरी कळलेले असले पाहिजे. काठ्यांच्या ओळीत तो रोज हेच शिकतो.

दुसरा आक्षेप पैशाचा : हे श्रीमंतांचे चोचले. स्पर्धेचे साहित्य महाग असेल, पण शिकण्याला लागतात बत्तीस किंवा चाळीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचे तुकडे आणि तेवढ्याच सळया. सळई अर्धी जमिनीत ठोकायची, वर पाईप चढवायचा. पाईपलाइन झाल्यावर असे तुकडे कोणत्या वस्तीवर पडलेले नसतात? जमीन मात्र भुसभुशीत किंवा गवताची हवी. कांदा निघालेले वावर उत्तम, सिमेंटचा कोबा नको.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. वारंवार अंग वळवल्याने कुत्र्याच्या पाठीवर आणि खांद्यावर ताण येतो. म्हणून वर्षाच्या आतल्या पिलाला पूर्ण काठ्या देऊ नयेत. मोठ्यालाही एका वेळी पाच-सहा फेऱ्या पुष्कळ झाल्या. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तर ऊन तापण्याआधी आटोपावे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्याची सारी मदार धापेवर असते. जो मालक हौसेपोटी दुपारी बारा वाजता पोरांना दाखवायला कुत्रा पळवील, त्याच्या कुत्र्यासाठी साखळीच बरी म्हणावे लागेल.

जनावरांच्या खेळाचा वाद आपल्या भागाला नवा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. या साऱ्या वर्षांत घाटात आणि चावडीवर एकच गोष्ट घोळत होती : जनावर हौसेने पळते की माराने? बैलाच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात आणि मला त्यात पडायचे नाही. काठ्यांपाशी मात्र उत्तर तिथल्या तिथे मिळते. भेदरलेला कुत्रा शेपूट पायांत घालतो आणि ओळ सोडतो. मारून उडी मारवता येईल कदाचित. मारून बारा फटी मोजवता येत नाहीत.

कुत्र्याच्या अकलेला आपण मान देत नाही असेही नाही. मात्र त्यासाठी तो सरकारी नोकरीत असावा लागतो. पुण्यात शिवाजीनगरला पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या स्फोटांच्या काळात मुंबईत हजारो किलो आरडीएक्स हुंगून काढणारा लॅब्रॅडॉर तिथेच तयार झाला आणि २००० साली तो वारला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. त्याचे नाव जंजीर, म्हणजे साखळी. हा योगायोग सोडून देऊ. त्याची आठवण निघाली की ऊर भरून येणारी माणसे घरच्या कुत्र्याला मात्र ‘त्याला काय कळतंय’ म्हणून खुंटीला बांधतात. दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गटांमुळे शिस्त, कवायत, प्रशिक्षण हे शब्द या गावाला घरचे झाले आहेत. त्यांतला एखादा शब्द कवायतीच्या मैदानाबाहेर, कोंबड्यांमागे धावणाऱ्या बुटक्या कुत्र्यापर्यंत पोचायला हरकत नसावी.

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दत्तक गावात होते. तिथे रस्ते झाडले जातात, शोषखड्डे खणले जातात, संध्याकाळी व्याख्यान होते. पुढच्या शिबिरात पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून रेबीजची लस टोचण्याचा एक दिवस ठेवावा, आणि त्याच दिवशी शाळेच्या मैदानाच्या कडेला सहा काठ्या रोवाव्यात अशी माझी सूचना आहे. सहा काठ्यांना तीन मीटर जागा लागते. लस टोचायला लोक कुत्री साखळीने धरूनच आणतील. त्या साखळ्या अडकवून ठेवायला शाळेच्या व्हरांड्यात खिळे आहेतच.