नव्याचे नऊ दिवस

मंडळी, कुठल्याही एसएसडीचं खोकं हातात घ्या आणि त्यावरचा वेगाचा आकडा वाचा. आकडा ठळक. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात दोन शब्द, 'अप टू'. साड्यांच्या सेलच्या पाटीवर '५० टक्क्यांपर्यंत सूट' लिहितात, त्यातलं 'पर्यंत' कसं मुंगीएवढं असतं? तसंच हे. पण सेलचं एक बरं असतं. दुकानात शिरल्याबरोबर कळतं की पन्नास टक्केवाल्या साड्या दोनच आहेत आणि त्यांचा रंग कुणालाच नको आहे. एसएसडीच्या 'अप टू'चा अर्थ कळायला मात्र सहा महिने, वर्ष जावं लागतं. तोवर बिल कुठे ठेवलंय तेही आठवत नाही.

आजची पोस्ट जरा चिडून लिहितोय, तेव्हा म्हणणं आधीच सांगून टाकतो. वस्तू जुनी होते, मंदावते, याबद्दल माझी तक्रार नाही. आपणही मंदावतोच. तक्रार अशी, की वेग विकायचा तो कोऱ्या डिस्कचा, आणि महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेली माहिती किती वेगाने परत मिळेल ते खोक्यावर कुठेच सांगायचं नाही. आणि मग बोंबाबोंब झाली की 'फिक्स' म्हणून जे हातात ठेवतात, त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो तेही सांगायचं नाही.

आमची मावशी हा ब्लॉग नेमाने वाचते आणि मग फोन करून "ते मधलं काही कळलं नाही रे" म्हणते. तिच्यासाठी थोडं सविस्तर. (जाणकारांनी दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावं.)

एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते. असतात अब्जावधी सूक्ष्म कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात थोडा विद्युतभार कोंडून ठेवलेला. कप्पा म्हणजे एक माठ समजा. माठ भरलेला की रिकामा एवढंच बघायचं असेल तर काम सोपं. एका माठात एक बिट. पण कंपन्यांना त्याच जागेत जास्त माहिती कोंबायची असते, म्हणून त्या माठावर पातळीच्या खुणा करतात. दोन बिट ठेवायचे तर चार पातळ्या, तीन बिट ठेवायचे तर आठ, चार ठेवायचे तर सोळा. माठ तेवढाच. आता माठ म्हटला की तो पाझरणारच. दोनच पातळ्या असतील तर थोडं पाणी गेल्याने काही बिघडत नाही. आठ पातळ्या असतील तर पाचव्या खुणेचं पाणी चौथ्या खुणेकडे सरकू लागतं. डिस्क ते वाचायला जाते, हिशेब जुळत नाही, मग खुणा थोड्या खाली सरकवून पुन्हा वाचते, पुन्हा नाही जुळलं तर पुन्हा. माहिती शेवटी मिळते, पण रखडत.

दुसरी गंमत पुसण्याची. एसएसडीत लिहिलेल्या ओळीवर नवी ओळ गिरवता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एकेक ओळ नाही, अख्खा ठोकळा एकदम. पाटीवरचा एक शब्द बदलण्यासाठी बाकीचं सगळं दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यायचं आणि मग पाटी धुवायची, असा तो प्रकार. पाट्या कोऱ्या आहेत तोवर लिहिणं सुसाट. कोऱ्या पाट्या संपल्या की उतरवा-पुसा-लिहा सुरू. शिवाय प्रत्येक धुण्यात पाटी थोडी झिजते, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर हे दुसरं दुखणं जगाला पहिल्यांदा नीट दिसलं ते इंटेलच्या एक्स२५-एम या डिस्कमुळे. २००८ साली ती बाजारात आली आणि तिची वाहवा झाली. तशी ती होतीही चांगली. २००९च्या फेब्रुवारीत एका परीक्षण करणाऱ्या संकेतस्थळाने दाखवून दिलं, की काही काळ वापरल्यावर ती बरीच मंदावते. कंपनीचा पहिला पवित्रा, आमच्या प्रयोगशाळेत असं काही दिसत नाही. एप्रिलमध्ये मात्र फर्मवेअर आलं आणि खरोखर सुधारणा झाली. चला, छान. पण पुढचं ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज ७ आलं आणि त्यासोबत ट्रिम नावाची सोय. 'या फाइली मालकाने टाकून दिल्यात, त्या पाट्या धुऊन ठेव' असं संगणक डिस्कला सांगतो, ती सोय. मूळ दुखण्यावरचा हाच खरा उपाय. इंटेलने तो दुसऱ्या पिढीच्या डिस्कना दिला. पहिल्या पिढीच्या, म्हणजे ज्यांनी सर्वात आधी आणि सर्वात महाग विकत घेतल्या त्यांना? कधीच दिला नाही. वर्षभरापूर्वीचं गिऱ्हाईक जुनं झालं होतं!

आता पहिल्या दुखण्याकडे, पाझरणाऱ्या माठाकडे येऊ. सॅमसंगने २०१३ मध्ये ८४० ईव्हीओ आणली. कप्प्यात तीन बिट, म्हणजे आठ पातळ्या. वाचनाचा वेग सेकंदाला ५४० एमबी, अर्थातच 'अप टू'. तीन वर्षांची वॉरंटी. परवडणारी म्हणून धो धो खपली. २०१४च्या सप्टेंबरपर्यंत मालकांच्या लक्षात आलं की नवीन फाइली झकास उघडतात, पण काही महिन्यांपूर्वीच्या फाइली वाचताना हीच डिस्क शंभर एमबीच्याही खाली येते. म्हणजे तबकडीवाल्या जुन्या हार्ड डिस्कच्या पंगतीला. आणि हे कुणी शोधलं? ना कंपनीने, ना चकचकीत परीक्षणं लिहिणाऱ्यांनी. ज्यांनी पैसे मोजले होते त्या साध्या मालकांनी. परीक्षण करणारा डिस्क आज जोडतो, आज फाइल लिहितो आणि आजच ती वाचून बघतो. लोणचं घातलं त्याच दिवशी चाखून 'वर्षभर टिकेल' असं सांगण्यासारखं आहे हे.

ऑक्टोबर २०१४. पहिला फिक्स. कंपनी म्हणाली की फ्लॅश सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. सोबत एक प्रोग्राम दिला. तो फर्मवेअर बदलायचा आणि मग डिस्कवरची सगळी माहिती एकदा नव्याने लिहून काढायचा. झाली ताजी! वेगाचे आलेख सरळ झाले, लोक खूश. फेब्रुवारी २०१५पर्यंत तीच रडकथा पुन्हा सुरू. एप्रिल २०१५, दुसरा फिक्स. या फर्मवेअरने काय केलं? संगणक रिकामा बसला असेल तेव्हा डिस्कने आपणहून जुनी माहिती अधूनमधून पुन्हा लिहीत राहायचं. माठ पाझरतोय ना, मग रात्री कुणी बघत नसताना तांब्या तांब्या पाणी ओतत राहा. सकाळी पातळी बरोबर!

याला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही. माठ पाझरतोय तो पाझरतोच आहे. फरक एवढाच की आता पाणी भरायचं काम कायमचं लागलं. आणि मघाशी सांगितलं ना, प्रत्येक पुसण्या-लिहिण्यात कप्पा झिजतो? मी माझ्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाही तरी ती माझ्या वाट्याची झीज खर्च करत बसते, केवळ खोक्यावरचा आकडा खरा वाटावा म्हणून. कंपनीचं म्हणणं, याने आयुष्य कमी होत नाही. आयुष्याच्या मानाने ही झीज किरकोळ असेल, मान्य. पण मग किती वेळा पुन्हा लिहिता, वर्षाला किती झीज, हा साधा आकडा पत्रकात छापायला काय हरकत होती? शिवाय हे सगळं डिस्कला वीज मिळत असेल तरच. बराच काळ बंद पडून राहिली तर वेग पुन्हा उतरू शकतो, हे कंपनीनेच सांगितलं होतं, आणि मग पुन्हा त्यांचं सॉफ्टवेअर हाताने चालवा.

आणखी एक बघा. डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे या दोन फिक्सच्या मधोमध, त्याच कंपनीची ८५० ईव्हीओ आली. तिच्यात कप्पे एकावर एक ३२ थरांत रचलेले, आणि वॉरंटी पाच वर्षांची. नव्या गिऱ्हाइकाला बरा माठ आणि पाच वर्षं, जुन्याला रात्रीचा तांब्या आणि तीन वर्षं. इंटेलची आठवण झाली की नाही?

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेऊ. माझा एक मित्र याच धंद्यात आहे. तो म्हणतो, "अरे, निदान फिक्स तरी दिला, तोही फुकट. कित्येक जण तेही देत नाहीत." खरं आहे. ज्यांनी हात वर केले त्यांच्यापेक्षा हे बरेच. पण 'फुकट' हा शब्द मला खटकतो. पैसे आधीच घेतलेत की! दुसरं तो म्हणतो, "सामान्य माणसाला हा फरक कळतही नाही." हे मात्र मला मुळीच पटत नाही. सामान्य माणसाला आलेख काढता येत नाही, पण लॅपटॉप रखडतोय हे त्याला चांगलं कळतं. फक्त तो दोष स्वतःला देतो. "मीच फोटो जास्त भरले", "व्हायरस आला असेल" म्हणतो, आणि सरळ नवा लॅपटॉप घेतो. तक्रार येत नाही याचा अर्थ नुकसान झालं नाही असा होत नाही.

तिसरा मुद्दा, "हे भौतिकशास्त्र आहे, कंपनी काय करणार?" अगदी बरोबर! माठ पाझरणारच. म्हणून तर कुंभाराने तसं सांगून विकावा. भौतिकशास्त्र कारखान्यात आधीपासून ठाऊक असतं, जाहिरातीतच तेवढं विसरतात. या उद्योगात जेडेक नावाच्या संस्थेचं मानक आहे. त्यात घरगुती वापराची डिस्क आपल्या लेखनाची मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर, वीज नसताना, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवेल अशी अपेक्षा आहे. नव्या डिस्कची पत याहून बरीच जास्त, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण ३० अंश! नागपूरकरांनो, मे महिन्यात तुमच्या कपाटाच्या खणात ३० अंश असतात का हो? हे मानक खोक्यावर कधी वाचलंत का?

न सांगण्याची किंमत एकदा तरी वसूल झाली आहे. बॅटरी जुनी झाली की आयफोन गुपचूप मंद केला जातो, हे ॲपलने २०१७च्या डिसेंबरात कबूल केलं. त्यावर फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला, तो ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून. आपल्याकडच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही 'दोष' या शब्दात विक्रेत्याने स्वतः दावा केलेल्या दर्जाची उणीव येते. पण दाव्यातच 'अप टू' असल्यावर उणीव सिद्ध करायची कशी? ते दोन शब्द उगाच नाहीत तिथे.

मागणं फार नाही. कोऱ्या डिस्कच्या वेगाशेजारी, त्याच टायपात, भरलेल्या डिस्कचा आणि सहा महिने जुन्या माहितीचा वेग छापा. फिक्स दिलात तर तो नेमकं काय करतो आणि किती झीज खातो ते एका ओळीत लिहा. आणि जो फिक्स डिस्कचं आयुष्य वापरून चालतो, त्याच्यासोबत वॉरंटीही वाढवून द्या. झीज नगण्य आहे ना? मग वॉरंटी वाढवायला तुम्हाला काहीच खर्च नाही.

तोवर आपण काय करायचं? मावशी, तुझ्यासाठी सोपं सांगतो. लग्नाचे, बारशाचे फोटो एकाच एसएसडीवर ठेवून ती खणात विसरू नकोस. दुसरी प्रत हवीच. वर्षातून एकदोनदा ती जोड, आणि जुनाच एखादा मोठा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून घड्याळ बघ. वेळ दरवेळी वाढत गेला तर मला फोन कर. आणि बाकीच्या मंडळींनी असं मोजून बघितलं तर डिस्कचं मॉडेल, फाइलीचं वय आणि लागलेला वेळ खाली जरूर लिहा. ८४० ईव्हीओचं बिंगही अशाच साध्या नोंदींनी फुटलं होतं.