चालू न होणारी फटफटी

गणपतींचें विसर्जन होऊन पावसाचा जोर ओसरला कीं, उरणांत मोऱ्यापासून करंज्यापर्यंत अनेक घरांच्या पडवींतून ताडपत्र्या निघतात आणि त्यांखालीं चार महिने झोपलेल्या जुन्या फटफट्या उजेडांत येतात. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १००. आणि त्यांतल्या कांहींचीं मडगार्डें उतरवून व खोल खांचांचे टायर चढवून तरुण मंडळींनीं त्यांना चिखलमातींत उधळण्याजोगें रूप दिलेलें असतें. पुढचा देखावा बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. पुतण्या घामाघूम होऊन किक मारीत आहे, काका झोपाळ्यावरून सूचना करीत आहेत, आंतून “चहा निवतो आहे” अशी हांक येते, आणि पन्नासाव्या किकेनंतर घरांतील वडील मंडळी निकाल देतात कीं, आतां ही भंगारांत घाला.

गाडी विकण्यास आमची हरकत नाहीं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें, धूर होतो, सुटे भाग शोधावे लागतात, हें सारें खरें आहे. परंतु तो निकाल किकेच्या संतापांत देऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. १९८५ सालीं निघालेली आरएक्स १०० हीहि त्याच वर्षीं थांबली. जावा व येझदी हीं नांवें अलीकडे पुन्हां बाजारांत आलीं, पण त्या गाड्या चार-स्ट्रोकच्या आहेत. वडिलांनीं घेतलेली दोन-स्ट्रोकची गाडी एकदां दाराबाहेर गेली कीं तशी दुसरी येत नाहीं. आणि पुष्कळदां ती जाते ती एका कुजलेल्या रबरी कड्यापायीं किंवा केसाएवढ्या भोकांत बसलेल्या मळापायीं.

हें इंजिन वेगळें कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. ह्याची मूळ युक्ति इंग्लंडांतील बाथ गांवच्या जोसेफ डे नांवाच्या यंत्रज्ञाची. पेटंट १८९१ सालचें. पेट्रोल आणि हवा ह्यांचें मिश्रण येथें सरळ सिलिंडरांत जात नाहीं. पिस्टन वर चढतांना तें तळच्या बंद कप्प्यांत, म्हणजे क्रँककेसमध्यें, ओढलें जातें. पिस्टन उतरतांना तेथें दाबलें जाऊन बाजूच्या वाटांनीं वर ढकललें जातें. लोहाराकडे भाता वेगळा आणि भट्टी वेगळी. येथें एकच पिस्टन वरच्या अंगानें भट्टी सांभाळतो व खालच्या अंगानें भाता. भात्याला भोंक पडलें तर भट्टी फुलावयाची नाहीं. शिवाय त्या तळच्या कप्प्यांत वेगळें तेल नसतें. बेअरिंगांना जें वंगण मिळतें तें मिश्रणाबरोबर आलेल्या तेलाचेंच. ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या कीं पुढील सर्व तपासाचा अर्थ लागतो.

तपासाची सुरुवात किकेपासून करूं नये, टांकीपासून करावी. झांकण उघडून वास घ्यावा. ताज्या पेट्रोलाचा वास तीव्र व पातळ असतो. शिळ्याला जुन्या रोगणाचा, कुबट वास येतो. आतां पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि इथेनॉल हवेंतील दमट ओढून घेतें. उरणच्या पावसाळ्यांत दमटाला तोटा नाहीं. पाणी फार झालें कीं तें इथेनॉलासह वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. इंजिनाला पेट्रोल जातें तें तळांतूनच. आणि मिसळलेलें तेल राहतें वरच्या थरांत! अशी गाडी चुकून चालू झालीच, तर बिनतेलाची चालते आणि पिस्टन सिलिंडरांत धरला जातो. म्हणून चार महिन्यांचें मिश्रण कितीहि असो, काढून टाकावें, आणि तें गटारांत किंवा खाडींत न ओततां गॅरेजांत द्यावें. नवें मिश्रण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें करावें. जुन्या गाड्यांस लिटरमागें ४० ते ५० मिलिलिटर तेल घालण्याची वहिवाट होती. अलीकडच्या मातीच्या गाड्यांस चांगलें तेल २५ मिलिलिटर किंवा त्याहूनहि कमी पुरतें. अंदाजानें धार धरणें हा पंपावरचा जुना रिवाज आम्हांस पसंत नाहीं.

आतां प्लग काढावा. ह्या सबंध प्रकरणांत खरें बोलणारा साक्षीदार हाच. दहा-बारा किका मारून काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर पोंचत नाहीं. ओला असेल तर पेट्रोल येतें आहे, पण पेटत नाहीं. एवढ्या एका पाहणीनें निम्मा शोध संपतो, आणि तरीहि ती न करितां प्रथम कार्ब्युरेटर खोलून बसणारे कारागीर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

ओला प्लग पुसून वाळवावा, पेट्रोलचा कॉक बंद करावा, चोक काढावा, थ्रॉटल पूर्ण पिळून प्लगविना आठ-दहा किका माराव्या, म्हणजे सांचलेलें पेट्रोल बाहेर फेंकलें जातें. किक मध्येंच दगडासारखी अडली तर मात्र जोर लावूं नये. आंत पेट्रोल भरलें असेल तर प्लग न काढतां मारलेली लाथ कनेक्टिंग रॉड वांकविते. त्यानंतर ठिणगी पाहावी. प्लग टोपींत बसवून त्याचें लोखंडी अंग इंजिनाच्या पंखांना टेंकवावें, परंतु प्लगच्या भोकापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ निघते. मुलें जवळ नसावीं, आणि हें काम मोकळ्या अंगणांत करावें, स्वयंपाकघराला लागून नव्हे. निळी, चट्कन उडणारी ठिणगी चांगली. तांबूस, मरगळलेली दिसली तर नवा प्लग लावून पाहावा. तरीहि तीच गत, तर खाऱ्या वाऱ्याकडे संशय घ्यावा. मिठागरांच्या ह्या मुलखांत तांब्यावर हिरवट बुरशी चढावयास एक पावसाळा पुरतो. प्लगची टोपी, कॉइलची तार, सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार, हीं घांसून कोरडीं करावीं. पॉइंट असलेल्या गाडींत पॉइंटांमधून स्वच्छ कोरा कागद ओढावा. पुष्कळशा जुन्या जावा-येझदींत ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते. तेथें सहा व्होल्टांची निपचित बॅटरी हेंच दुखणें असूं शकतें. आणि हँडलावरचें इंजिन बंद करण्याचें बटण बंद तर नाहीं ना, हें पाहण्याची लाज वाटूं देऊं नये.

ठिणगी निळी आहे आणि प्लग कोरडा, अशा वेळीं कार्ब्युरेटराकडे वळावें. वाळलेल्या पेट्रोलाचा डिंक पायलट जेटच्या बारीक भोकांत बसतो. तेथें तार खुपसूं नये. भोंक मोठें झालें कीं तें पुन्हां लहान होत नाहीं. कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवांत जेट भिजवून पंपाच्या हवेनें फुंकावें. एअर फिल्टर आणि सायलेन्सरचें तोंड हींहि पाहावीं. कोंकणांतील कुंभारीण माशी कोणतीहि नळी दिसली कीं आपलें मातीचें घर बांधावयास घेते, आणि सायलेन्सर तिला फारच सोयीचा वाटतो.

एवढें होऊनहि इंजिन गप्प राहिलें तर भात्याची परीक्षा करावी. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली असतां तो उडाला, म्हणजे वरची भट्टी ठीक आहे. मग भोकांत चमचाभर ताजें मिश्रण घालून प्लग बसवावा. इंजिन दोन-तीन ठोके देऊन थांबलें आणि कार्ब्युरेटर स्वच्छ असल्याची खात्री असेल, तर दोष बहुधा क्रँकच्या दोन टोंकांच्या ऑइल सिलांत आहे. पडून राहिल्यानें त्यांचें रबर वाळून ताठ होतें. मॅग्नेटोच्या बाजूचें सील गेलें तर मिश्रणाऐवजीं नुसती हवा ओढली जाते. क्लचच्या बाजूचें गेलें तर गिअरबॉक्सांतलें तेल आंत जातें व पांढरट धुराचे लोट निघतात. सील स्वतः स्वस्त असतें. मजुरी लागते, कारण क्लच किंवा मॅग्नेटो उतरवावा लागतो. कारागिराकडे गाडी नेतांना “चालू होत नाहीं” एवढेंच न सांगतां ठिणगी निळी, अंगठा उडतो, प्लग कोरडा, असें क्रमवार सांगावें. बिल कमी येतें असा आमचा अनुभव आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजीं उरणची लोकल व अटल सेतु हीं एकाच दिवशीं सुरू झालीं. सेतूवर दुचाकीस मज्जाव, लोकलला तिचें काम नाहीं. चिरनेरच्या वाटेला किंवा द्रोणागिरीच्या पायथ्याला मात्र ती अजून हवीशी वाटते. पिरवाडीच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यांतून ती नेऊं नये हें तरुणांस सांगणें आमचें कर्तव्य, ऐकणें न ऐकणें त्यांच्याकडे. नेलीच तर त्याच सायंकाळीं गोड्या पाण्यानें धुवावी.

पुढील ज्येष्ठांत गाडी झांकतांना कॉक बंद करून कार्ब्युरेटरांतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावें, टांकी रिकामी करावी, प्लगच्या भोकांत चमचाभर तेल सोडून किक दोनदां हळू फिरवावी आणि सायलेन्सरच्या तोंडांत कापडाचा बोळा घालावा. बोळा घातल्याची चिठ्ठी हँडलास बांधून ठेवावी.